सुपरहिरो गाऊ लागतो तेव्हा

२८ नोव्हेंबर २०१० च्या रविवारी सायंकाळी न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरील फॉक्सवूड्स थिएटरात 'स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क' या संगीत नाटकाचा पहिला जाहीर पूर्वप्रयोग झाला. खेळ पाच वेळा थांबला. पहिला अंक संपता संपता नायकच प्रेक्षकांच्या डोक्यांवर तारेला लोंबकळत राहिला, आणि रंगमंचावरील कामगार त्याचा पाय धरून त्याला ओढून घेण्याची खटपट करू लागले. शत्रूचा पाठलाग करून परतणारा वीर असा अधांतरी राहिलेला पाहून लोक हसले. दुसऱ्या अंकातील एका लांबलेल्या खोळंब्यात एक बाई जागेवरूनच ओरडल्या. आमच्यावर तुम्ही प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसारखे प्रयोग करीत आहात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. यावर इतर प्रेक्षकांनी नटांची नव्हे, त्या बाईंचीच हुर्यो उडविली. खेळ संपेपर्यंत साडेतीन तासांच्या आसपास वेळ गेला होता.

आमच्या पत्रिकेच्या वाचकांस प्रश्न पडेल की, कोळ्याच्या वेषात इमारतींवर चढणाऱ्या अमेरिकन पोराशी आपला संबंध काय? संबंध आहे, असे आम्हांस वाटते. पुराणातला वीर रंगभूमीवर आणून त्याला गावयास लावण्याचा उद्योग मराठी माणसाने दीडशे वर्षांहून अधिक काळ केला आहे. ज्याची कथा प्रेक्षकाला आधीच तोंडपाठ आहे असा नायक गाऊ लागला की प्रेक्षक कोणत्या गोष्टी खपवून घेतो आणि कोणत्या घेत नाही, हा प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तो दोनदा मोठ्या प्रमाणावर विचारला गेला, एकदा १९६६ साली आणि नंतर २०१० साली. दोन्ही वेळा मिळालेली उत्तरे निराळी होती.

प्रथम १९६६ ची हकीकत. सुपरमॅन हा जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेला नायक १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. पुढे रेडिओ, चित्रपट, दूरचित्रवाणी अशी सर्व क्षेत्रे त्याने पादाक्रांत केली. संगीत रंगभूमी तेवढी उरली होती. हॅरॉल्ड प्रिन्स या नामांकित निर्माता-दिग्दर्शकाने ती उणीव भरून काढली. संगीत चार्ल्स स्ट्राउस यांचे, पदे ली ॲडम्स यांची आणि संहिता डेव्हिड न्यूमन व रॉबर्ट बेंटन यांची. 'इट्स अ बर्ड... इट्स अ प्लेन... इट्स सुपरमॅन' असे लांबलचक नाव घेऊन २९ मार्च १९६६ रोजी हे नाटक ॲल्विन थिएटरात लागले. सुपरमॅनची भूमिका बॉब हॉलिडे या धिप्पाड गायक नटाने केली.

या नाटकाची कल्पना आजही मनोरंजक वाटते. लेखकांनी सुपरमॅनचा नेहमीचा शत्रू लेक्स लूथर घेतलाच नाही. त्याऐवजी त्यांनी दहा वेळा नोबेल पारितोषिक हुकलेला एक वैज्ञानिक योजिला. हा गृहस्थ नायकावर किरणांचा किंवा विषाचा मारा करीत नाही. तू लोकांना वाचवितोस ते त्यांच्यासाठी की त्यांनी तुझे कौतुक करावे म्हणून, असे विचारून तो नायकाचे मन पोखरतो. महाबलाढ्य पुरुष दुबळा होतो तो या प्रश्नाने. ज्यांनी कर्णाच्या दानशूरपणाविषयीचे वाद ऐकले आहेत, त्यांना या प्रश्नाची चव निराळी सांगावयास नको.

समीक्षकांनी नाटकाचे स्वागत बऱ्यापैकी केले. प्रेक्षक मात्र आले नाहीत. १२९ प्रयोगांनंतर, १७ जुलै १९६६ रोजी पडदा पडला. कारणांची चर्चा पुढे पुष्कळ झाली. त्यांतील एक कारण आम्हांस पटते. त्याच वर्षीच्या जानेवारीत 'बॅटमॅन' ही थट्टेखोर मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली होती आणि सारा देश तिच्यामागे वेडा झाला होता. घरबसल्या फुकट मिळणारी वस्तू तिकीट काढून कोण पाहणार? दुसरेही एक कारण असावे. मोठ्यांना हे नाटक मुलांचे वाटले, आणि मुलांना त्यातले विनोद मोठ्यांचे वाटले. यातील 'यूव्ह गॉट पॉसिबिलिटीज' हे गाणे मात्र नाटकापेक्षा अधिक जगले.

बॉब हॉलिडे यांच्याविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका प्रयोगात उड्डाण करताना तार निसटली आणि सुपरमॅन धाडकन खाली आपटला. हॉलिडे उठले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि हा आघात मर्त्य माणसाला नक्कीच लागला असता अशा अर्थाचे काहीतरी बोलले. प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणून गेले. त्या काळचा चाहता नायकाच्या पडण्यालाही दाद देत होता, कारण नटाने पडूनही भूमिका सोडली नव्हती. ही आख्यायिका वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे आम्हांला एका निराळ्या पडण्याविषयी लिहावे लागणार आहे.

मधल्या चव्वेचाळीस वर्षांत चाहता बदलला. किंवा असे म्हणू की तो होता तसाच राहिला, पण त्याचा आवाज मोठा झाला.

हे नीट समजण्यासाठी अमेरिकन चित्रकथांच्या वाचकाची घडण पाहावी लागेल. ही कथा आपल्या आख्यानासारखी नाही. ती क्रमांकित अंकांमधून, महिन्यामागून महिना, दशकामागून दशक चालते. स्पायडर-मॅन ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात प्रथम आला, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको. तेव्हापासून त्याच्या आयुष्यात घडलेली प्रत्येक गोष्ट छापील आणि दिनांकित आहे. त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी १९७३ मध्ये मरण पावली, आणि त्या अंकाचा शोक करणारे वाचक आज आजोबा झाले आहेत. शिवाय मासिकांच्या मागच्या पानांवर वाचकांची पत्रे येत. लेखकाने कोठे चूक केली, नायकाच्या पट्ट्याचा रंग कोणत्या अंकात बदलला, असल्या गोष्टी वाचक हिरिरीने कळवीत. स्टॅन ली यांनी यावर एक खुबीदार युक्ती काढली होती. चूक शोधून तिचे समाधानकारक स्पष्टीकरणही देणाऱ्या वाचकास ते 'नो-प्राइझ' नावाचे पारितोषिक देत. टपालाने एक लिफाफा येई. लिफाफ्यात काहीच नसे, आणि वाचक तो रिकामा लिफाफा जपून ठेवी! चाहत्याला चुका शोधण्याची आणि कथेची राखण करण्याची दीक्षा खुद्द प्रकाशकानेच दिली होती.

आपल्याकडची गोष्ट या ठिकाणी ताडून पाहण्यासारखी आहे. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा प्रेक्षकांना कथेतील एकही घटना नवी नव्हती. पुढे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. त्यात घटोत्कचाकडून सुभद्रेला उचलून नेण्याची जी युक्ती आहे ती व्यासांच्या आदिपर्वातील सुभद्राहरणात नाही. तिथे अर्जुनच तिला रथात घालून नेतो. किर्लोस्करांचा कृष्ण तर द्वारकेतल्या एखाद्या मिस्कील गृहस्थासारखा वागतो आणि बोलतो. आपल्या पणजोबांनी याबद्दल तक्रार केल्याचे आमच्या वाचनात नाही. इंदूर, बडोदे, बेळगाव, हुबळी, जिथे जिथे मंडळ्या गेल्या तिथे लोकांनी वन्समोअर मागून पदे पुन्हा पुन्हा ऐकली. कारण उघड आहे. भारतकथेला एकच एक प्रत नव्हती. कीर्तनकाराने एक सांगावी, मोरोपंतांनी दुसरी रचावी, आजीने तिसरी सांगावी, हे लोकांच्या अंगवळणी पडले होते. त्या कथेची मालकीही कोणाकडे नव्हती. मालक नसलेल्या कथेला पहारेकऱ्याची गरज पडत नाही.

स्पायडर-मॅनचे तसे नाही. ती कथा एका कंपनीच्या मालकीची आहे. त्या कंपनीला डिस्नेने २००९ मध्ये विकत घेतले, आणि चित्रपटाचे हक्क तिसऱ्याच कंपनीकडे. कागदोपत्री कथेवर चाहत्याचा काडीचाही हक्क नाही. म्हणूनच तो नैतिक हक्क इतक्या जोराने सांगतो, असे आमचे मत आहे.

अशा पहारेकऱ्यांच्या पुढ्यात ज्युली टेमोर उभ्या राहिल्या. टेमोर म्हणजे सामान्य दिग्दर्शिका नव्हेत. 'द लायन किंग' या चित्रपटावरून त्यांनी १९९७ मध्ये केलेले संगीत नाटक आजही चालू आहे, आणि त्यासाठी संगीत नाटकाच्या दिग्दर्शनाचे टोनी पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. मुखवटे, बाहुल्या, आशियाई नाट्यपरंपरा यांचा त्यांचा अभ्यास दांडगा. संगीताची जबाबदारी आयर्लंडच्या यू-टू या वाद्यवृंदाचे बोनो आणि दि एज यांच्याकडे होती. मूळ निर्माते टोनी ॲडम्स २००५ मध्ये करारावर सह्या होण्याच्या सुमारासच पक्षाघाताने गेले. पैसा आटून २००९ च्या ऑगस्टमध्ये कामही थांबले होते. मायकेल कोल नावाचे नवे निर्माते आले. पडदा उघडेपर्यंत खर्चाचा आकडा साडेसहा कोटी डॉलरांवर पोहोचला होता आणि पुढे तो साडेसात कोटींच्या घरात गेला. ब्रॉडवेच्या इतिहासात इतके महाग नाटक पूर्वी झाले नव्हते.

टेमोर यांना स्पायडर-मॅनमध्ये पुराण दिसले, आणि घोळ तिथून सुरू झाला. त्यांनी रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातली आरॅक्नी ही विणकरीण कथेत आणली. देवी मिनर्व्हाशी विणण्याची स्पर्धा करून कोळी झालेली ही स्त्री नाटकाच्या उत्तरार्धात नायकाच्या स्वप्नांचा ताबा घेते. आमच्यासारख्या पुराणांवर पोसलेल्या वाचकाला ही कल्पना मुळीच चमत्कारिक वाटत नाही. कोळ्याची शक्ती लाभलेल्या मुलाला कोळ्यांची आदिमाता भेटली तर बिघडले कोठे? पण चित्रकथेचा चाहता विचारीत होता की ही बाई कोणत्या अंकात आली होती. त्यातच ग्रीन गॉब्लिन हा लोकांचा आवडता खलनायक पहिल्या अंकाच्या शेवटीच मरून जाई, आणि उत्तरार्धात जे काही संकट येई ते बरेचसे आरॅक्नीच्या मायेने निर्माण केलेला भास ठरे. मायेचा पसारा समजणे आपल्याला सोपे आहे. तिकडच्या प्रेक्षकांस तो समजला नाही. तो समजावून देण्यात लेखक कमी पडले, हेही खरे. आरॅक्नीच्या सख्या शहरातील स्त्रियांचे बूट चोरतात अशा अर्थाचे एक गाणे होते. त्या गाण्याची जितकी टवाळी झाली तितकी नाटकातील दुसऱ्या कशाचीच झाली नसेल.

आता सर्वांत विलक्षण गोष्ट सांगतो. चाहते काय म्हणतील याचा विचार टेमोर आणि त्यांचे सहलेखक ग्लेन बर्गर यांनी केला नव्हता असे नाही. त्यांनी चाहत्यांनाच नाटकात घेतले होते! चार तरुण चित्रकथाप्रेमी रंगमंचाच्या कडेला बसून, स्पायडर-मॅनची एक नवी आणि सर्वांत भव्य कथा आपणच रचीत आहोत अशा आविर्भावात वाद घालत असत. ग्रीक नाटकातील कोरसचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्यांना 'गीक कोरस' असे गमतीचे नाव होते. आपल्या संगीत नाटकातील सूत्रधार आणि नटी आठवावीत, म्हणजे ही योजना लक्षात येईल. फरक इतका, की आपला सूत्रधार नांदी झाल्यावर चार गोष्टी सांगून विंगेत जातो. हे चौघे अधूनमधून येतच राहत. प्रत्यक्ष प्रेक्षागृहात बसलेल्या चाहत्यांना हे चित्र मुळीच आवडले नाही. आपण असे वेंधळे दिसतो काय, असे त्यांना वाटले असावे. आणि ज्यांना चित्रकथांशी देणेघेणे नव्हते त्यांना या चौघांची बडबड अडथळा वाटे.

अपघातांविषयी लिहिणे भाग आहे. आरॅक्नीची भूमिका करणाऱ्या नताली मेंडोझा यांना पहिल्याच पूर्वप्रयोगात डोक्याला मार बसला आणि पुढच्या महिन्यात त्यांनी नाटक सोडले. २० डिसेंबर २०१० रोजी ख्रिस्तोफर टिअर्नी हा उड्डाणे करणारा नट, सुरक्षेची दोरी जोडलेली नसल्यामुळे, रंगमंचाच्या टोकावरून काही पुरुष खोल कोसळला. त्याच्या कवटीला तडा गेला, बरगड्या व मणके मोडले. खेळ तिथेच थांबवावा लागला. हॉलिडे यांच्याप्रमाणे उठून विनोद करण्याची ही वेळ नव्हती. पुढच्या महिन्यात 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर इस्पितळाच्या खोलीत पट्ट्या बांधून पडलेले अनेक स्पायडर-मॅन झळकले. रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांना तर आयताच विषय मिळाला.

आणि तिकिटे खपली. जानेवारी २०११ मध्ये एका आठवड्याच्या उत्पन्नात या अपुऱ्या नाटकाने 'विकेड'सारख्या स्थिरावलेल्या नाटकालाही मागे टाकले. या गोष्टीने आम्ही अस्वस्थ होतो. लोक काय पाहावयास येत होते? काहीजण नायकावरील प्रेमापोटी येत, मुलांना घेऊन येत, हे निश्चित. पण काहीजण कोणी पडतो की काय हे पाहावयास येत, हेही नाकारता येणार नाही. सर्कशीतील झुल्याखाली जाळे असते. प्रेक्षक जाळ्याकडे पाहत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. टिअर्नी बरा झाला आणि काही महिन्यांत पुन्हा त्याच वेषात उडू लागला. त्याच्या पुनरागमनाला चाहत्यांनी जी दाद दिली ती निखळ होती, आणि या साऱ्या प्रकरणात आम्हांस मनापासून पटलेली दाद तीच.

नाटकाचे रीतसर उद्घाटन मात्र होत नव्हते. तारीख जानेवारीतून फेब्रुवारीत, फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलली जात होती. ब्रॉडवेवर समीक्षकाने उद्घाटनापर्यंत मौन पाळावे असा संकेत आहे. पूर्वप्रयोगांना लोक पूर्ण दराने तिकीट घेऊन येतात आणि समीक्षक तेवढा गप्प राहतो, हे किती दिवस चालणार? अखेर ७ फेब्रुवारीच्या सुमारास 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बेन ब्रँटली यांच्यासह अनेक वृत्तपत्रांनी संकेत मोडून परीक्षणे प्रसिद्ध केली. ती अत्यंत कडक होती. परंतु तोवर सामान्य प्रेक्षकांचे मत कधीच जगजाहीर झाले होते. प्रत्येक रात्री खेळ सुटताच शेकडो माणसे आपापले परीक्षण लिहीत होती. जे काम शंभर वर्षे दहाबारा वृत्तपत्रांनी केले ते आता कोणीही करू शकत होता, आणि निर्माते ते वाचीत होते.

मार्च २०११ मध्ये टेमोर यांना दूर करण्यात आले. फिलिप विल्यम मॅकिन्ली हे सर्कशीचाही अनुभव असलेले दिग्दर्शक आले. संहितेच्या दुरुस्तीसाठी रॉबर्टो अगिरे-साकासा यांना बोलाविण्यात आले. या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. अगिरे-साकासा हे नाटककार, पण त्यांनी मार्व्हलसाठी खुद्द स्पायडर-मॅनच्या चित्रकथा लिहिलेल्या होत्या. इतकेच नव्हे, २०१० च्या उन्हाळ्यात डॅलस येथे १९६६ च्या त्या सुपरमॅन-नाटकाची नवी संहिताही त्यांनीच तयार केली होती. रंगमंचाच्या कडेला बसविलेले चार खोटे चाहते उठविण्यात आले, आणि एक खरा चाहता लेखणी घेऊन आत येऊन बसला.

निर्मात्यांनी प्रेक्षकांच्या गटांना प्रश्नावल्या देऊन त्यांची मतेही मागविली होती. कोणते प्रसंग आवडले, कोठे कंटाळा आला, काय कळले नाही. एप्रिलच्या मध्यास नाटक तीन आठवडे बंद राहिले आणि १२ मे रोजी नव्या रूपात उघडले. आरॅक्नी आक्रसून एक स्वप्नदेवता उरली. बुटांचे गाणे गेले. ग्रीन गॉब्लिन शेवटपर्यंत जिवंत राहिला, आणि नाटकाच्या अवाढव्य खर्चाविषयीचा एक विनोदही त्याच्याच तोंडी घालण्यात आला. ही भूमिका करणारे पॅट्रिक पेज हे दोन्ही रूपांत सर्वांचे आवडते ठरले. यंत्रे बंद पडून खेळ खोळंबला की ते ऐनवेळी भर घालून प्रेक्षकांना हसवीत ठेवत. जुन्या मंडळीतील कसलेला विनोदी नट पडदा अडकला की पुढे येऊन वेळ निभावून नेत असे, तसाच हा प्रकार.

१८२ पूर्वप्रयोग, हाही विक्रमच, झाल्यावर १४ जून २०११ रोजी उद्घाटन झाले. समीक्षक थोडे मवाळ झाले होते. त्यांचा सूर असा, की पूर्वी हे नाटक थक्क करण्याइतके वाईट होते आणि आता ते नुसते मध्यम झाले आहे. चाहत्यांची मात्र कथा सुसंगत झाल्याने समजूत पटली. मुलांना नायक ओळखू येऊ लागला. डिसेंबर २०११ अखेरच्या सुट्टीच्या आठवड्यात तर नाटकाने २९ लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न केले. तोपर्यंत ब्रॉडवेवर एका आठवड्यात इतकी रक्कम कोणीही मिळविली नव्हती.

परंतु दुसराही एक चाहतावर्ग या सुमारास पुढे आला, आणि आम्ही त्याच्या बाजूला झुकतो हे सांगून टाकलेले बरे. या मंडळींनी दोन्ही रूपे पाहिली होती, आणि त्यांना पहिले, मोडके, अनाकलनीय रूपच अधिक आवडले होते. त्यांचे म्हणणे असे, की त्यात निदान कोणीतरी काहीतरी सांगू पाहत होते. नव्या रूपात कोणालाही खटकणार नाही असेच ठेवले गेले, आणि त्यामुळे कोणालाही आठवेल असे थोडेच उरले. जॉर्ज त्सीपिन यांचे नेपथ्य आणि एको इशिओका यांची वेषभूषा मात्र दोन्ही रूपांत डोळे दिपविणारी होती. क्रायस्लर इमारत वरून खाली पाहिल्यासारखी प्रेक्षकांच्या अंगावर येई. टोनी पारितोषिकांसाठी नामांकने मिळाली ती या दोन कलांनाच. इशिओका त्याआधीच, जानेवारी २०१२ मध्ये, निवर्तल्या होत्या.

दूर झाल्यानंतर टेमोर एका नाट्यसंमेलनात बोलल्या. नाटक कसे करावे हे प्रेक्षकांनी सांगावयाचे, ही भयावह गोष्ट आहे आणि शेक्सपिअर यामुळे हादरला असता, असा त्यांचा रोख होता. त्यांची व्यथा आम्हांला समजते, परंतु हे म्हणणे पूर्णपणे मान्य करवत नाही. आपली संगीत रंगभूमी प्रेक्षकांच्या मागणीवर वाढली. वन्समोअर ही प्रेक्षकाने नाटककाराला दिलेली आज्ञाच होती, आणि तिच्यापायी रात्रीचे नाटक पहाटेपर्यंत चाले. मात्र त्या आज्ञेला एक मर्यादा होती. प्रेक्षक पद पुन्हा मागे, नवे पद घाला असे सांगत नसे. तो आवडलेल्या गोष्टीविषयी बोले. प्रश्नावली विचारते ती नावडलेल्या गोष्टीविषयी. बालगंधर्वांनी १९२० मध्ये 'द्रौपदी'च्या मयसभेवर पाण्यासारखा पैसा ओतला आणि मंडळी कर्जात बुडाली, तेव्हा त्यांना कोणी आधी विचारून सावध केले असते तर कदाचित कर्ज टळले असते. मयसभाही टळली असती.

येथे आम्हां परमुलखांत वसलेल्या मराठी घरांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपणही एक प्रकारचे राखणदारच आहोत. शहराच्या मराठी वस्तीतील गणेशोत्सवात तरुण मंडळींनी 'सौभद्र' दोन तासांत बसविले, चार पदे गाळली, की पहिल्या रांगेतील ज्येष्ठ मंडळी एकमेकांकडे पाहतात. मूळ मुलखात भाषा, चाली, रीती बदलत राहतात. दूर गेलेला माणूस निघतानाची प्रत जपून ठेवतो, कारण त्याच्यापाशी तेवढीच असते. पन्नास वर्षांचे अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवून, आरॅक्नी कोणत्या अंकात होती असे विचारणारा अमेरिकन चाहता आणि आपण यांत वाटते तितके अंतर नाही. त्याचा हट्ट आम्हांस हास्यास्पद वाटत नाही. परंतु जपलेली प्रत कोणीतरी हाताळावी, तिच्यावर नवी अक्षरे उमटवावीत, हे दुःख सोसल्याखेरीज ती पुढल्या पिढीच्या हाती जात नाही, हेही आपण आपल्याच घरांत पाहिले आहे.

नाटक ४ जानेवारी २०१४ रोजी बंद झाले. उद्घाटनानंतर १,०६६ प्रयोग झाले, म्हणजे सुपरमॅनच्या आठपटींहून अधिक. तरीही आठवड्याचा खर्चच इतका अफाट होता की गुंतवणूकदारांचे नुकसान सहा कोटी डॉलरांपर्यंत गेल्याचे त्या वेळी छापून आले. टेमोर आणि निर्माते यांच्यातील दावा त्याआधीच, २०१३ मध्ये, तडजोडीने मिटला. त्याच वर्षी ग्लेन बर्गर यांनी या साऱ्या प्रकरणावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी स्वतःलाही फारसे सोडलेले नाही, म्हणून ते वाचनीय आहे.

यानंतर मार्व्हल कंपनीने रंगभूमीकडे वळताना सावधगिरी बाळगली. २०२१ मध्ये आलेल्या 'हॉकआय' या मालिकेत 'रॉजर्स : द म्युझिकल' या नाटकाचा एक प्रवेश दाखविला आहे. कॅप्टन अमेरिकेच्या जीवनावरील ब्रॉडवेचे हे नाटक मालिकेपुरते काल्पनिक होते. प्रेक्षकांत बसलेला खरा हॉकआय रंगमंचावरील नाचणारे वीर पाहून कावराबावरा होतो. त्या लढाईत अँट-मॅन मुळी नव्हताच, तरी तो तिथे नाचत असतो, आणि हॉकआय ते बोलून दाखवितो. चाहत्याने काढावयाची चूक लेखकांनी आधीच पेरून ठेवली होती, जणू रिकामा लिफाफा उघडूनच हाती दिला. चाहते खूश झाले, आणि हे नाटक खरोखरच करा म्हणू लागले. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या उद्यानात त्याचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रयोग दोन महिने चालला. कोणी पडले नाही, कोणी कोणावर दावा लावला नाही.

फॉक्सवूड्स थिएटराचे नाव आता लिरिक आहे. आतून ते पुन्हा बांधून आसने कमी करण्यात आली, आणि २०१८ पासून तिथे हॅरी पॉटरचे नाटक चालू आहे. त्या कथेचे राखणदार स्पायडर-मॅनच्या राखणदारांपेक्षा संख्येने कमी नाहीत. पूर्वप्रयोगांना आलेल्या प्रेक्षकांना बाहेर पडताना एक बिल्ला देण्यात येई. नाटकात पाहिलेले गुपित बाहेर कोणाला सांगू नका, अशी विनंती त्या बिल्ल्यावर छापलेली होती.